जुन्या डिझेल गाडीला रिमोट स्टार्टर बसवताना

जुनी डिझेल गाडी चालू करताना हात, पाय आणि कान बरीच कामं न सांगता करून टाकतात. गिअरचा दांडा हलवून न्यूट्रल पाहिला जातो. चावी अर्धी फिरवून हीटरचा, म्हणजे थंड इंजिनात सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगचा, दिवा विझेपर्यंत थांबलं जातं. सेल्फ मारताना इंजिन धरतंय का ते ऐकू येतं, रेंगाळलं तर पाय अॅक्सिलरेटरवर जातो आणि इंजिन उठताक्षणी चावी सुटते. रिमोट स्टार्टर म्हणजे दुरून बटण दाबून इंजिन चालू करणारं यंत्र. त्याच्या डब्याला यातलं काहीच आपोआप समजत नाही. वरच्या प्रत्येक कामासाठी त्याला एक वायर द्यावी लागते, नाहीतर ते काम करायची गरजच पडू नये इतकी गाडी दुरुस्त असावी लागते.

हा लेख मुख्यतः मेकॅनिकल फ्युएल पंप असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यात इंजेक्शनचा कारभार कॉम्प्युटरकडे नाही. नंतरच्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे कॉम्प्युटर डिझेल सोडतो त्या गाड्यांत, बरीच तत्त्वं तीच राहतात. पण तिथे चावीतली इमोबिलायझर (चोरी रोखणारी) चिप आडवी येते आणि तिच्यासाठी वेगळं बायपास मॉड्यूल लागतं.

आधी गाडी ठीक करा

एक कसोटी पुरेशी आहे. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी अॅक्सिलरेटरला पाय न लावता, फक्त हीटरचा दिवा विझल्यावर, दोन-तीन सेकंदांच्या सेल्फमध्ये उठते का? उठून आपली आपण आयडलवर (पाय न लावता चालण्याच्या संथ वेगावर) टिकते का? उत्तर नाही असेल तर रिमोटचं खोकं अजून उघडू नका.

उशिरा उठणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा तीनपैकी एक भानगड असते. मेलेला हीटर प्लग, डिझेल लाइनमध्ये शिरणारी हवा किंवा दमलेली बॅटरी. हवा शिरत असेल तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी सेल्फ नुसता फिरत राहतो. फिल्टरच्या प्राइमर पंपाला (हाताने दाबून डिझेल भरायच्या पंपाला) सकाळी हात लावून पाहा. तो मऊ लागला आणि चार-पाच दाबांनी कडक झाला, तर हवेचा संशय पक्का. फिल्टरच्या तोंडाजवळ तात्पुरता पारदर्शक पाइप लावला की बुडबुडे दिसतात. दोष बहुधा जुन्या रबरी नळ्या, क्लिपा किंवा फिल्टरच्या वॉशरमध्ये सापडतो.

बॅटरी पूर्ण भरलेली आणि शांत असताना मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनची अर्थ पट्टी तपासा. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर सहज खेचतो. व्होल्टेज फार पडलं की रिमोटच्या डब्यातला प्रोसेसर सेल्फच्या मध्येच रीसेट होतो. मग टक् असा आवाज येतो, सगळं थांबतं, पुन्हा टक्. लोक डबा खराब म्हणून बदलतात, दोष मात्र गंजलेल्या अर्थ पट्टीत असतो.

काही जुन्या पंपांना थंडीत टायमिंग पुढे घेण्यासाठी डॅशबोर्डवर ओढायचा नॉब असतो, तर काही इंजिनांना सुरुवातीचं जादा डिझेल मिळण्यासाठी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा लागतो. नॉब पार्क करताना ओढून ठेवता येतो. पाय लागणाऱ्या इंजिनावर मात्र रिमोटचा नाद सोडलेलाच बरा.

ही गाडी बंद कशी होते?

पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की ते थांबतं. डिझेलला ठिणगीच नसते. ते थांबवायचं म्हणजे डिझेल तोडायचं, आणि जुन्या गाड्यांत हे चार तऱ्हांनी होतं.

सगळ्यात सोपी तऱ्हा पंपावरच्या सोलेनॉइडची, म्हणजे करंट मिळाला की हलणाऱ्या विजेच्या चुंबकाची. इग्निशनचे १२ व्होल्ट मिळाले की तो उघडतो, गेले की बंद होतो. पंपावर एकच वायर जाणारा, बोल्टसारखा दिसणारा भाग तो हाच. त्याला जेमतेम अँपिअरभर करंट लागतो आणि रिमोटशी त्याचं छान जमतं.

दुसऱ्या तऱ्हेत उलटं असतं: बंद करण्यासाठी करंट द्यावा लागतो. इथे रिमोटने इग्निशन काढून घेतलं तरी इंजिन चालूच राहील. इग्निशन गेल्यावर काही सेकंद करंट देणारा टायमर रिले (विजेवर चालणारा स्विच) मध्ये हवा. तिसरी तऱ्हा हाताने ओढायच्या केबलची. तिथे रिमोट गाडी चालू करेल, पण बंद करायला माणसालाच धावावं लागेल. पंपाच्या स्टॉप लिव्हरवर ओढणारा सोलेनॉइड बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चौथी तऱ्हा भल्याभल्यांना चकवते. जुन्या मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ सारख्या डिझेल गाड्यांत पंप व्हॅक्यूमने बंद होतो, आणि त्या व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह चावीच्या कुलुपामागे असतो. चावी बंद स्थितीत असताना रिमोटने इंजिन उठवलं की व्हॅक्यूम पंप फिरू लागतो, व्हॅक्यूम थेट स्टॉपपर्यंत पोचतो आणि इंजिन लगेच मरतं. इलेक्ट्रिकमध्ये दिवसभर शोधलं तरी दोष सापडत नाही, कारण तो रबरी नळीत आहे. त्या नळीत इग्निशनवर चालणारा व्हॅक्यूम सोलेनॉइड घातला की प्रश्न सुटतो.

टर्बोमधून ऑइल इनटेकमध्ये उतरत असेल तर कोणतीच तऱ्हा कामाची नाही. तसं इंजिन डिझेल तोडल्यावरही स्वतःच्या ऑइलवर धावू शकतं. अशी गाडी माणसाविना चालू करायचीच नाही.

चावीमागच्या वायरी

स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं की इग्निशन स्विचचा कनेक्टर दिसतो. युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत त्यावर आकडे असतात: ३० म्हणजे बॅटरीतून कायम येणारा करंट, १५ म्हणजे इग्निशन, ५० म्हणजे सेल्फ, आणि काही ठिकाणी ७५ म्हणजे सेल्फ मारताना तुटणारी लाइन. वायरींच्या रंगांवर विसंबू नका. तीस वर्षांत त्या गाडीचं वायरिंग कुणी कुणी हाताळलंय ते सांगता येत नाही. मल्टीमीटर लावा. चावी कुठेही असली तरी १२ व्होल्ट दाखवते ती बॅटरीची. चावी चालूवर आणि सेल्फ मारतानाही करंट टिकतो ती इग्निशनची. सेल्फ मारताना शून्यावर जाते ती अॅक्सेसरीची. फक्त सेल्फ मारतानाच जिवंत होते ती सेल्फची. इग्निशनसारख्या वागणाऱ्या दोन वायरी सापडल्या तर दोन्हींना करंट द्यावा लागतो. एक सुटली तर चार्जिंग किंवा हीटरचा टायमर मुका राहतो.

पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. बल्बवाला टेस्टरही तिथे नको.

डिझेलच्या सेल्फवरचा सोलेनॉइड पिनियन (फ्लायव्हीलला लागणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) ओढताना क्षणभर ३० ते ४० अँपिअर घेऊ शकतो. डब्यातले छोटे रिले हे फार दिवस सोसत नाहीत. त्यांचे पॉइंट चिकटतात आणि सेल्फ सुटतच नाही. म्हणून सेल्फसाठी बाहेर किमान ४० अँपिअरचा वेगळा रिले द्या. त्याच्या ३० नंबरला फ्यूजमार्गे बॅटरी, ८७ वरून सेल्फची वायर, ८५ आणि ८६ वर डब्याचा सिग्नल. कॉइलला आडवा १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. तो नसेल तर रिले सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका डब्यात शिरतो.

हीटर प्लग

बहुतेक गाड्यांत प्लगांना करंट थेट बॅटरीतून, जाड पट्टी फ्यूज आणि स्वतंत्र रिलेमधून जातो. चावी त्या रिलेच्या टायमरला फक्त इशारा देते. म्हणजे रिमोटने इग्निशनची लाइन उठवली की टायमर आपलं काम करतो. आपण फक्त सेल्फ थोडा थांबवायचा. काही जुन्या गाड्यांत मात्र प्लग गरम करायला चावीची स्वतंत्र जागा असते, कधी उलट्या बाजूला. तिथे टायमर नसतो, सगळा वेळ हातावर. अशा गाडीत रिमोटच्या जादा आउटपुटवरून एक रिले चालवून त्या लाइनला करंट द्यावा लागतो.

थांबायचं किती? डब्यात दोन पर्याय असतात. एक ठरलेला वेळ, बहुधा १० ते २० सेकंदांच्या टप्प्यांत. दुसरा, हीटरच्या दिव्याची वायर वाचून दिवा विझेपर्यंत थांबणं. दुसराच घ्या. इंजिन गरम असताना दिवा लगेच विझतो आणि गाडी ताबडतोब उठते. ठरलेल्या वेळेत मात्र दुपारच्या उन्हातही प्लग उगाच तापतात. दिव्याची वायर शोधताना एक पाहा: दिवा पेटलेला असताना त्या वायरीवर शून्य व्होल्ट आहेत की बारा? बऱ्याच गाड्यांत टायमर दिव्याची अर्थ बाजू जोडतो, म्हणून शून्य. डब्याला हे उलटं सांगितलं गेलं तर तो प्लग थंड असतानाच सेल्फ मारतो.

चार प्लग मिळून सुरुवातीला ६० अँपिअर किंवा त्याहून जास्त घेतात. एखादा मेला असेल तर बाकीचे चालू राहतात, कारण ते समांतर जोडलेले असतात. त्यामुळे दोष दबून राहतो. प्रत्येक प्लगची पट्टी सोडवून मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, मेलेला काहीच जोडलेलं नसल्यासारखा वागतो.

टायमरला सेल्फच्या वायरीतूनही एक सिग्नल जातो, म्हणजे सेल्फ फिरताना प्लग तापत राहतात. बाहेरच्या रिलेची वायर या फाट्याच्या आधी, चावीच्या बाजूला जोडा. थेट सेल्फवर नेली तर हा सिग्नल चुकतो आणि कडाक्याच्या थंडीत गाडी उठून लगेच मरते.

इंजिन उठलं हे डब्याला कसं कळावं

हा सगळ्यात चुकणारा भाग. पेट्रोल गाडीत कॉइलवरून आरपीएमचा सिग्नल मिळतो. डिझेलला कॉइल नाही, म्हणून बसवणारे बहुतेक वेळा व्होल्टेजवर विसंबतात: सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं, इंजिन उठलं की चार्जिंग सुरू होऊन १३.८ ते १४.४ पर्यंत चढतं, तेव्हा सेल्फ सोडायचा. कागदावर ठीक. पण जुन्या डिझेलमध्ये इंजिन उठल्यावरही हीटर प्लग काही वेळ चालू राहतात. आयडलवरचा अल्टरनेटर ते साठ अँपिअर भरून काढू शकत नाही, व्होल्टेज साडेबारापाशीच अडतं आणि डबा समजतो इंजिन अजून उठलंच नाही. सेल्फ चालूच! पिनियन फिरत्या फ्लायव्हीलमध्ये अडकून राहतो आणि सेल्फचा वन-वे क्लच झिजून जातो. याच्या उलटही होतं. सेल्फ फिरतानाच प्लगांचा रिले तुटला तर व्होल्टेज एकदम उचलतं आणि डबा अर्ध्यात हात सोडतो.

काही जुने अल्टरनेटर तर एकदा अॅक्सिलरेटर दाबेपर्यंत चार्जिंगच सुरू करत नाहीत. रिमोटने चालू केलेल्या गाडीत पाय कुणाचा? चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब आणि अल्टरनेटरचे ब्रश तपासा, बरेचदा दोष तिथेच निघतो.

खरा उपाय अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलचा. हे स्टेटरच्या (अल्टरनेटरमधल्या स्थिर वेटोळ्यांच्या) एका फेजमधून काढलेलं टोक, कितीतरी डिझेल गाड्यांचा आरपीएम काटा यावरच चालतो. त्यावर एसी असतो आणि त्याची फ्रीक्वेन्सी इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते. बारा पोलचा अल्टरनेटर असेल, पुली त्याला इंजिनाच्या अडीच पट फिरवत असेल, तर ८०० आरपीएमवर अल्टरनेटर मिनिटाला २००० फेरे घेतो आणि टर्मिनलवर २०० हर्ट्झ मिळतात. मल्टीमीटर हर्ट्झवर ठेवून हे पाहता येतं. अॅक्सिलरेटर दिला की आकडा चढला पाहिजे. ही वायर डब्याच्या टॅको (आरपीएम वाचणाऱ्या) इनपुटला द्या, गाडी चावीने चालू करा आणि माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे आयडलचा वेग डब्याला शिकवा. इंजिन गरम होऊन आयडल स्थिर झाल्यावर शिकवलेलं बरं.

डब्ल्यू टर्मिनल नसेल तर चार्जिंगच्या दिव्याची वायर चालते. इग्निशन चालू पण इंजिन बंद असताना तिच्यावर एक-दोन व्होल्ट असतात, अल्टरनेटर जागा झाला की बॅटरीइतके होतात. तेही शक्य नसेल, तर सेल्फची वेळ ठरवून द्या आणि ती गरजेपेक्षा किंचितच जास्त ठेवा. पहिला प्रयत्न फसल्यावर पुन्हा सेल्फ मारण्याआधी डबा प्लग नव्याने तापवतो का, तेही पाहून घ्या.

गिअरचा प्रश्न

मॅन्युअल गिअरच्या गाडीत इथे जीव जाऊ शकतो, म्हणून थोडा हिशेब. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण १४ फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा, जवळपास १.९ मीटर. सेल्फने २०० आरपीएमवर फिरवलं तरी गाडी सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर सरकते. आणि इंजिन उठलं तर? गिअरमध्ये उठलेलं पेट्रोल इंजिन अनेकदा धक्का खाऊन बंद पडतं. डिझेलच्या पंपात गव्हर्नर असतो. आयडल खाली जाऊ लागलं की तो जास्त डिझेल सोडतो आणि इंजिन ओढत राहतं. ८०० आरपीएमवर गाडी ताशी सहा-साडेसहा किलोमीटरने निघते, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षा भरभर. ढिला हँडब्रेक तिला थांबवेल या भरवशावर राहू नका.

म्हणून मॅन्युअल गाडीला फक्त तोच डबा घ्या ज्यात गाडी आधी तयार करून ठेवावी लागते. पद्धत अशी: इंजिन चालू असताना न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, रिमोटचं बटण दाबून चावी काढायची, बाहेर येऊन सगळे दरवाजे लावायचे. मग डबा इंजिन बंद करतो. इंजिन चालू असताना माणूस क्लचवरून पाय काढून उतरला, म्हणजे गिअर न्यूट्रलच होता. त्यानंतर एकही दरवाजा उघडला तर ती तयारी रद्द.

ही पद्धत दरवाजांच्या स्विचवर उभी आहे आणि जुन्या गाडीत तेच गंजलेले असतात. प्रत्येक दरवाजा, डिकीसुद्धा, एकेक उघडून डब्याला कळतं का पाहा. फक्त ड्रायव्हरच्या दरवाजाला स्विच असेल तर बाकीच्यांना नवे बसवा. खिडकी उघडी राहिली तर आत हात घालून गिअर टाकता येतो आणि डब्याला पत्ता लागत नाही. उघड्या टपाच्या मॅन्युअल गाडीला म्हणूनच रिमोट नको. क्लचचा स्विच बायपास करावा लागतो, तो फक्त रिमोटने सेल्फ मारतानाच्या काही सेकंदांपुरता, डब्याच्या आउटपुटवरच्या रिलेने. वायर पिळून कायमचा बायपास करू नका.

हँडब्रेकची वायर जोडताना आणखी एक खाच आहे. कितीतरी गाड्यांत हँडब्रेक आणि ब्रेक ऑइल कमी झाल्याचा इशारा एकाच लाल दिव्यावर, एकाच वायरीवर असतात. ऑइल उतरलं की वायर अर्थ होते आणि डबा समजतो हँडब्रेक ओढलेला आहे, तो खाली असला तरी! हँडब्रेकच्या लिव्हरलाच स्वतंत्र स्विच बसवा आणि त्याचीच वायर डब्याला द्या.

गाडी गिअरमध्ये लावून जायची सवयही आता सोडावी लागते. उतारावर ती फक्त हँडब्रेकवर उभी राहणार. तिथे चाकाला ठोकळा लावा, किंवा त्या दिवशी रिमोटची तयारीच करू नका.

ऑटोमॅटिकमध्ये काम सोपं. ब्रेक दाबून, दांडा डी वर ठेवून चावीने सेल्फ मारून पाहा, फिरता कामा नये. सेल्फचा जोड न्यूट्रल स्विचच्या आधी, चावीच्या बाजूला करा, म्हणजे हा स्विच रिमोटलाही लागू राहतो.

जोडणी आणि तपासणी

बॅटरीचा मायनस काढून काम सुरू करा. डब्याची मुख्य फीड ४ ते ६ चौरस मिलिमीटर तांब्याची, बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज. सिग्नलच्या वायरी ०.५ ते ०.७५ चौरस मिलिमीटर पुरतात. गाडीची वायर न तोडता दोन सेंटिमीटर आवरण सोला, नवी वायर गुंडाळून सोल्डर करा, श्रिंक स्लीव्ह किंवा कापडी टेप लावा. चिमटीत दाबून बसणारे टॅप कनेक्टर डिझेलच्या थरथरीत काही महिन्यांत ढिले होतात. अर्थ रंग खरवडलेल्या पत्र्यावर, रिंग टर्मिनल क्रिम्प करून, स्वतःच्या बोल्टवर. डबा पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर, टायने घट्ट.

बॉनेटचा स्विच ऐच्छिक समजू नका. बॉनेट उघडं असताना इंजिन उठता कामा नये, कारण तेव्हा कुणाचा तरी हात बेल्टजवळ असतो.

काम झालं की चाकांना ठोकळे लावून एकेक गोष्ट तपासा. रिमोटने चालू असताना ब्रेक दाबला, हँडब्रेक सोडला, बॉनेट उघडलं, तर प्रत्येक वेळी इंजिन थांबलं पाहिजे. चावीशिवाय बंद होताना ते दोन-तीन सेकंदांत शांत व्हावं. बंद केल्यावरही चालत राहिलं, तर बहुधा चार्जिंगच्या दिव्यातून उलटा करंट येऊन पंपाचा सोलेनॉइड धरून ठेवत असतो. त्या दिव्याच्या वायरीत एक डायोड टाकला की थांबतं.

चालू किती वेळ ठेवायची

पाच ते दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. डिझेल इंजिन आयडलवर फार हळू तापतं. तासभर उभं ठेवलं तरी केबिन नीट गरम होत नाही, उलट अर्धवट जळलेलं डिझेल काजळी धरतं आणि ऑइलमध्ये उतरतं. केबिन गरम हवी हाच हेतू असेल तर डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर किंवा विजेवरचा ब्लॉक हीटर जास्त शहाणपणाचा. त्यात इंजिन फिरत नाही, म्हणून गिअर, सेल्फ, हँडब्रेक यांची काळजीही उरत नाही. बंद गॅरेजमध्ये रिमोट वापरू नका. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कमी असला तरी नसतो असं नाही, आणि नायट्रोजन डायऑक्साइड असतोच. कितीतरी ठिकाणी माणसाविना गाडी चालू ठेवणं कायद्यात बसत नाही, तेही आधी पाहून घ्या.

बंद गाडीतही डबा थोडा करंट खातो. २० मिलिअँपिअर धरले तर महिन्याला १४ अँपिअर-तास. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर डब्याचा फ्यूज काढून ठेवा. गॅरेजला देताना सर्व्हिस स्विच बंद करा आणि बॉनेटखाली ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा की ही गाडी रिमोटने चालू होते.